सात किलोंत किती मराठवाडा मावतो?

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान रवाना केलं. त्याच कार्यक्रमात नांदेड–हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला गेला. ट्रूजेट नावाची हैदराबादची कंपनी होती आणि विमान होतं एटीआर-७२ जातीचं, म्हणजे पंख्याचं. तेव्हा सगळीकडे एकच आकडा छापून आला, अडीच हजार रुपये. तासाभराच्या प्रवासाचं भाडं निम्म्या जागांपुरतं तरी तेवढ्यावर रोखायचं, फरक सरकार भरेल, आणि हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसेल, अशी ती कल्पना होती.

दुसरा एक आकडा मात्र कुणी छापला नाही. तो होता सात. भारतातल्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला सोबत नेता येणाऱ्या बॅगेचं वजन सात किलो. आमच्या नांदेडच्या घरातून पुण्याला निघताना माझ्या हातात जी पिशवी दिली जाते, तिच्यात नुसती ज्वारी आणि तूरडाळच सात किलोंची असते. कपडे, चार्जर, लोणच्याची बरणी हे पुढचं.

विमानात चढणारी आमच्याकडच्या बऱ्याच घरांतली ही पहिली पिढी. तिला भाड्याचा आकडा आधी कळला, वजनाचा काउंटरवर कळला. हा सात किलोंचा नियम आला कुठून, त्याच्या आधी आपल्या भागात सामानावर कुणाकुणाची नजर होती, आणि आज या नियमाचा भार नेमका कुणावर पडतो, हे मी गेले काही महिने शोधत होतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पाच टनांची आगगाडी

सुरुवात विमानापासून नाही, लातूरच्या आगगाडीपासून करू. कारण स्वस्त प्रवास आणि वजनाची मर्यादा यांचं नातं आपल्याकडे त्या गाडीनं आणलं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता होता. मोठ्या रेल्वेपासून दूर राहिलेल्या गावांना परवडेल अशी रेल्वे बांधायची, हा त्याचा ध्यास. त्याचं म्हणणं साधं होतं. रूळ हलके टाका, दोन रुळांतलं अंतर अडीच फूटच ठेवा, आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू देऊ नका. वजन सारखं वाटलं गेलं की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. लीड्सजवळच्या न्यूले इथे त्यानं हे प्रयोग करून दाखवले आणि मग बार्शी लाइट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९११ मध्ये ही गाडी लातूरला पोचली. लातूरची डाळीची आणि तेलबियांची बाजारपेठ या छोट्या गाडीच्या जोरावर वाढली. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात लातूरचा मार्ग रुंद झाला.

आजच्या भाषेत ती ‘लो-कॉस्ट’ रेल्वे होती. पण एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कॅलथ्रॉपनं वजनाची मर्यादा गाडीवर घातली होती. ती पाळण्याची जबाबदारी डबे बांधणाऱ्याची होती, गाठोडं घेऊन चढणाऱ्या म्हातारीची नव्हे.

या कॅलथ्रॉपचं पुढचं आयुष्य तर आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स हे त्याचे मित्र. १९१० मध्ये ते विमान अपघातात गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि त्यानं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट तयार केलं. पहिल्या महायुद्धात ते हेरांना शत्रूच्या हद्दीत उतरवायला वापरलं गेलं, पण ब्रिटिश वैमानिकांना विमानात सोबत ठेवायला मिळालं नाही. त्यामागे जी कारणं होती, त्यांत एक होतं वजन. त्या काळच्या विमानांना ते जड होतं. लातूरला रेल्वे आणणाऱ्या माणसाची, माणसांचे जीव वाचवणारी पिशवी वजनात बसली नाही!

करोडगिरीची नाकी

बार्शी इंग्रजांच्या मुलखात होती आणि लातूर निजामाच्या. मधे सरहद्द होती. तेव्हा लातूर हा जिल्हाही नव्हता. तो उस्मानाबादमधून वेगळा झाला १९८२ मध्ये. नांदेडही हैदराबाद संस्थानातच होतं. या संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, टपाल होतं, रेल्वे होती आणि स्वतःचं जकात खातंही होतं. त्याचं नाव करोडगिरी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात हा शब्द अजून आहे. कुणी फार चौकशा करायला लागलं की माझी आजी म्हणायची, “करोडगिरीवाला हायस का रे तू?”

सरहद्द ओलांडून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेणं हे करोडगिरीचं काम. सोलापूर-बार्शीकडून नवं कापड घेऊन परतणाऱ्याला नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागे. हे घरचं आहे की विकायचं, हे कोण ठरवणार? नाक्यावरचा माणूस. ‘वापरातलं’ आणि ‘नवं’ यांतली रेघ त्याच्या मर्जीवर ओढली जाई. म्हणून लग्नाचं लुगडं नेसूनच आणायचं, ही युक्ती. वजनाचा इथे संबंध नव्हता. प्रश्न पिशवीत काय आहे, याचा होता.

मग आलं १९४७-४८. रझाकारांच्या काळात याच सरहद्दीवरून असंख्य कुटुंबं बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे निघून गेली. जे डोक्यावर मावलं तेवढंच त्यांचं सामान होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ही सरहद्द पुसली गेली. नाक्यावर गाठोडं सोडून दाखवायची सवय मात्र एका पिढीच्या अंगात मुरलेली होती.

ज्याची काळजी तुम्हीच घेता

हैदराबाद संस्थानाची स्वतःची विमान कंपनीही होती, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज स्थापन झाली. १९५३ मध्ये ज्या आठ कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यांत ती होती. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाच्या ‘सरकारची’ विमानं तेव्हाही आकाशात होती. फक्त तो त्यांत नव्हता.

तेव्हाच्या विमानप्रवासाचे सामानाचे नियम एका आंतरराष्ट्रीय करारावर उभे होते. १९२९ चा वॉर्सा करार. १९३४ च्या कायद्यानं तो हिंदुस्थानात लागू झाला. या करारानुसार कंपनीनं सामानाची पावती द्यायची, तिच्यावर नगांची संख्या आणि वजन लिहायचं, आणि सामान हरवलं तर किलोमागे ठरलेल्या दरानं भरपाई द्यायची. यातून एक गोष्ट वगळली होती: ज्या लहानसहान खासगी वस्तूंची काळजी प्रवासी स्वतःच घेतो, त्या वस्तू.

मला ही व्याख्या फार आवडते. हातातल्या सामानाची ओळख इथे किलोंनी किंवा सेंटिमीटरांनी ठरत नाही. ज्याची जबाबदारी तुमची, ते तुमचं हातातलं सामान. कंपनी त्याची पावती देणार नाही, पण त्याच्या आड येणारही नाही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ही व्याख्या दोनदा बदलली. एकदा भीतीमुळे, एकदा पैशामुळे.

पिशवीचा संशय

भीतीची गोष्ट आधी. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग सुरू झाला. आज आपण त्याला ‘बीसीएएस’ म्हणतो. सुरुवातीला तो विमान वाहतूक महासंचालनालयाचाच एक कक्ष होता.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटात फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता, ती बॅग व्हँकुव्हरला चढली होती, पण तिचा मालक चढलाच नव्हता. त्यानंतर जगभर नियम कडक होत गेले: माणूस नाही तर बॅग नाही. १ एप्रिल १९८७ पासून बीसीएएस स्वतंत्र खातं झालं. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं आणि २००० सालापासून विमानतळांवर सीआयएसएफचे जवान दिसू लागले. एका प्रवाशाला एकच हातातली बॅग, हा नियम याच सुमारास परिपत्रकांतून पक्का झाला. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा कडकपणे लागू करा असं सांगितलं गेलं, कारण लोक दोन-तीन नग घेऊन येतात आणि तपासणीच्या रांगा तुंबतात.

या काळातली एक खूण तुमच्यातल्या थोड्या मोठ्यांना आठवत असेल. हातातल्या बॅगेला कागदी टॅग बांधायचा आणि तपासणीनंतर त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का राहिला तर विमानाच्या दारातून परत. १ एप्रिल २०१७ पासून सात मोठ्या विमानतळांवर ही पद्धत बंद झाली. म्हणजे नांदेडची ‘उडान’ सुरू व्हायच्या सव्वीस दिवस आधी.

नांदेडची कृपाण

विमानात काय न्यावं, या प्रश्नाला नांदेडमध्ये आणखी एक धार आहे.

ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला. त्यांच्यानंतर गुरुपद ग्रंथाकडे गेलं. सचखंड हजूरसाहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. २००८ मध्ये गुर-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली. तेव्हा नांदेडचे रस्ते, घाट, पूल बदलले आणि विमानतळही नव्यानं सजलं. त्याला नावही गुरू गोविंदसिंगांचंच आहे. २०१७ च्या डिसेंबरात एअर इंडियानं नांदेड–अमृतसर सुरू केलं, तेव्हा गुरुद्वाराच्या गल्लीत लोकांनी पेढे वाटले होते. आमच्या शहराला विमान मिळालं ते मुख्यतः भाविकांमुळे, हे आम्ही नांदेडकर मोकळेपणानं मान्य करतो.

पण अमृतधारी शिखाच्या अंगावर पाच ककार असतात आणि त्यांतला एक कृपाण. ती ‘सामान’ नाही. ती काढून पिशवीत ठेवणं म्हणजे अंगावरचं काही काढून ठेवण्यासारखं आहे. दुसऱ्या बाजूला २९ सप्टेंबर १९८१ ची तारीख आहे. त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचं विमान कृपाणी दाखवून लाहोरला नेलं गेलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग नियम काय करणार?

नियमानं मोजपट्टी आणली. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येते. पातं सहा इंचांपेक्षा लांब नको आणि मुठीसकट लांबी नऊ इंचांच्या आत हवी. मार्च २०२२ मध्ये बीसीएएसनं हे पुन्हा स्पष्ट केलं. त्या आदेशात विमानतळावरच्या शीख कर्मचाऱ्यांना वगळलं होतं. त्यावर आक्षेप आल्यावर काही दिवसांतच दुरुस्ती झाली. प्रवाशांना दिलेल्या सवलतीलाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते टिकलं नाही. गुरुद्वाराभोवतीच्या दुकानांतून घेतलेली मोठी तलवार मात्र विमानाच्या पोटातच जाते.

असंच दुसरं उदाहरण शबरीमलाचं. भाविकांच्या इरुमुडीत नारळ असतो आणि नारळ हातातल्या सामानात चालत नाही. यात्रेच्या हंगामापुरती त्याला सूट दिली गेली, २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. मला या दोन्ही गोष्टींत एक धडा दिसतो. नियम दगडावर कोरलेला नसतो. ज्यांच्यामागे संघटना आहे, ज्यांचं म्हणणं दिल्लीत कुणीतरी मांडतं, त्यांच्यासाठी मोजपट्टी काढून विचार होतो. ज्वारीच्या पिठासाठी दिल्लीत कोण भांडणार?

किलोचा बाजार

आता पैशाची गोष्ट. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ तिचं चिन्ह होता. एक रुपयाची तिकिटं गाजली. जेवण नाही, थाट नाही, फक्त पोचवणं. पुढे स्पाइसजेट, इंडिगो आल्या. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विरली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. पण स्वस्त विमानाची कल्पना टिकली.

स्वस्त विमानाचं गणित असं आहे. विमान जमिनीवर असतं तेव्हा कमावत नाही. ते अर्ध्या तासात पुन्हा उडायला हवं. बॅगा कमी, तर चढउतार लवकर आणि इंधनही कमी. २००६ मध्ये ब्रिटनच्या फ्लायबीनं आणि आयर्लंडच्या रायनएअरनं पोटातल्या बॅगेला वेगळे पैसे लावले. लोकांनी काय केलं? बॅगा पोटातून काढून हातात घेतल्या. डोक्यावरचे कप्पे भरले, भांडणं सुरू झाली. मग हातातल्या बॅगेलाही मापं आणि दंड आले. म्हणजे पोटातल्या बॅगेचा दर लावून कंपन्यांनी जी गर्दी ओढवून घेतली, त्याच गर्दीवर नंतर दुसरा दर लावला.

भारतात २०१३ मध्ये सरकारनं कंपन्यांना तिकिटापासून या सेवा सोडवून वेगळ्या विकायची मुभा दिली. खासगी कंपन्यांत फुकटच्या २० किलोंचे १५ किलो झाले. २०१६ मध्ये महासंचालनालयानं आदेश काढला की १५ ते २० किलोंपर्यंतच्या जादा सामानाला किलोमागे १०० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नका. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये तो आदेश रद्द झाला. पुढच्याच वर्षी दर चढले. आज किलोला काहीशे रुपये पडतात. लातूरच्या बाजारात तूरडाळ ज्या भावानं मिळते, त्याच्या कितीतरी पट भाडं ती डाळ विमानातून नेण्याचं आहे.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. एटीआरसारख्या विमानाचे वरचे कप्पे खरोखर लहान असतात. ७२ प्रवाशांचे सात-सात किलो म्हणजे ५०४ किलो, नुसतं हातातलं. आग लागली तर दीड मिनिटात सगळी माणसं बाहेर पडता यायला हवीत, हे विमान बनवतानाच सिद्ध करावं लागतं, आणि तेव्हा वाटेत पडलेली बॅग जीव घेऊ शकते. मर्यादा हवीच. पण सुरक्षेसाठी आलेली मर्यादा पैसे भरले की सैल होत असेल, तर ती नक्की कशासाठी आहे, हे विचारायला हवं.

युरोपात हे विचारलं गेलं. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वाजवी मापाचं आणि वजनाचं हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, त्याला वेगळं शुल्क नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेननं पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध लढतायत. पण प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला, हेही काही कमी नाही.

खोबरं, करडई आणि पॉवर बँक

आपल्या पिशवीतलं काय चालत नाही, हे एकदा नीट सांगतो. निघण्याआधी उपयोगी पडेल.

सुकं खोबरं. आश्चर्य वाटेल, पण ते ज्वालाग्राही मालात मोडतं. तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांक आहे. करडईचं घाण्याचं तेल हातात नाही, कारण द्रव. तिखटाची पुडी हातात नाही, कारण ती कुणाच्या डोळ्यांत फेकता येते. तेलात बुडालेलं लोणचं बहुतेक वेळा अडतं. पॉवर बँकचं मात्र उलटं. ती पोटातल्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी, कारण लिथियमनं पेट घेतला तर डोळ्यासमोर घेतलेला बरा. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे बसते.

प्रत्येक नियमाला कारण आहे आणि कारण कळलं की राग निम्मा होतो. अडचण ही की कारण कुणी सांगत नाही. काचेच्या पेटीत जप्त केलेल्या वस्तूंचा ढीग दिसतो, वर पाटी इंग्रजीत आणि हिंदीत.

मागच्या वर्षी एका मोठ्या शहराच्या विमानतळावर, विमानाच्या दाराशी, उदगीरकडचं एक वयस्क जोडपं मी पाहिलं. मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला निघालेलं. पिशवी भरली नऊ किलोंच्या वर. कर्मचारी मुलगी इंग्रजी-हिंदीत पैसे सांगत होती, म्हातारबाबा फोनवर जावयाला विचारत होते, मागची रांग सुस्कारे टाकत होती. पिशवी उघडली गेली. डिंकाचे लाडू, हळीव, कडक भाकरी, आणि खाली घडी घातलेली गोधडी. मावशींनी शांतपणे गोधडी उपसली आणि खांद्यावरून पांघरून घेतली.

“आता ही माझ्या अंगावर हाय जी. पिशवीत न्हाई.”

“मावशी, तसं नाही चालत,” असं म्हणत मी मधे पडणार, तेवढ्यात त्या मुलीनंच हसून काट्याकडे पाहिलं. साडेसात. तिनं हातानं ‘जा’ अशी खूण केली.

नंतर नियम वाचताना कळलं की मावशींचं बरोबर होतं. एका बॅगेशिवाय बायकांची पर्स, छत्री, काठी, कुबड्या, बाळाचं खाणं, वाचायचं पुस्तक, ओव्हरकोट आणि पांघरूण एवढं सोबत नेता येतं, असं त्या यादीत आहे. साहेबी काळातली यादी ती. तिच्यात ओव्हरकोटाला जागा होती, त्या जागेत उदगीरची गोधडी बसली. आणि निजामाच्या नाक्यावर लुगडं नेसून येणाऱ्या बायकांची युक्ती मला तेव्हाच आठवली.

ज्यांच्याकडे विमानच नाही

लातूरचं काय? लातूरला धावपट्टी आहे. चाकूरचे शिवराज पाटील १९८८-८९ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतुकीचे राज्यमंत्री होते. विलासराव देशमुख दोनदा मुख्यमंत्री झाले. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, उस्मानाबाद आणि यवतमाळ ही पाच विमानतळं एकगठ्ठा ९५ वर्षांच्या करारानं रिलायन्सच्या कंपनीकडे गेली. एवढं सगळं होऊनही लातूरच्या प्रवाशाला रोजचं विमान मिळालेलं नाही. नांदेडचंही स्थैर्य नाही. ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली आणि पुढच्या कंपनीची विमानं यायला २०२४ उजाडलं. मधली दोन वर्षं आम्ही पुन्हा रेल्वेत आणि ट्रॅव्हल्समध्ये.

रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट नेता येतं, साध्या दुसऱ्या वर्गात ३५, एसी फर्स्टमध्ये ७०. इथेही पैसेवाल्याला जास्त, हे खरंच. पण ३५ किलोंत एका विद्यार्थ्याचा संसार बसतो. लातूरला शिकवण्यांसाठी येणाऱ्या हजारो पोरांच्या लोखंडी पेट्या, गाद्या, पुस्तकं अशीच येतात. त्यातलीच पोरं पुढे नोकरीला लागतात, पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढतात आणि आईबापांना बोलावून घेतात. उदगीरच्या जोडप्यासारखे आईबाप असेच पहिल्यांदा विमानतळावर पोचतात. वजनाचा नियम त्यांच्यासाठी लिहिला गेलेला नाही. तो लिहिला गेला लॅपटॉप आणि दोन शर्ट घेऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसासाठी. त्याचे सात किलो कधीच भरत नाहीत. दर मात्र दोघांना सारखाच.

आमच्याकडे सामान म्हणजे नुसतं सामान नसतं. दुष्काळाच्या वर्षीसुद्धा घरून पिशवी येते. शेतात जे पिकलं त्यातलं थोडं शहरातल्या लेकराच्या ताटात पडावं, एवढाच तिचा अर्थ. ते पुण्यात मिळत नाही असं नाही. तरीही ती भरली जाते.

फार मोठं काही मागणं नाही. तिकीट काढतानाच वजनाचा नियम आणि न चालणाऱ्या वस्तू मराठीत दिसाव्यात. विमानतळात शिरल्यावर, काउंटरच्या आधी, कुणालाही वापरता येईल असा एक काटा असावा, म्हणजे पिशवी मागच्या रांगेसमोर उघडावी लागणार नाही. जादा किलोचा दर भाड्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावा. आणि ज्या मार्गांवर सरकार भाड्यातला फरक भरतं, त्या मार्गांवर किलोच्या दरालाही सरकारनं कमाल मर्यादा घालावी. अडीच हजारांचं तिकीट आणि दोन हजारांची पिशवी, हा हिशेब हवाई चप्पलवाल्याला परवडणारा नाही.

तोवर आम्ही आमच्या पद्धतीनं जुळवून घेतोच आहोत. नांदेडच्या आमच्या घरात आता माशाच्या काट्यासारखा हुक असलेला, बॅग टांगून वजन करायचा छोटा काटा आलाय. आई त्यावर पिशवी टांगते, आकडा बघते, डाळीतली दोन मापं परत डब्यात ओतते आणि म्हणते, “बरं. एवढं तरी जाऊ दे.”